शिरेतून पोषण चालू असलेलं नवजात बाळ: खान्देशातल्या आईबापांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची काही बाळं आतड्याच्या ऑपरेशननंतर आठवडेच्या आठवडे काचेच्या पेटीत असतात. हे त्यांच्या घरच्यांसाठी आहे. राउंडच्या वेळी डॉक्टरांना गाठून विचारायचं राहून जातं, आणि विचारलं तरी उत्तर घाईत मिळतं. औषधांचं प्रमाण इथे मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण ते प्रत्येक बाळाचं वेगळं असतं आणि शेजारच्या बेडवरच्या बाळाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

आतडं निकामी झालं म्हणजे नेमकं काय? सगळं कापून टाकलं का?

सगळं क्वचितच कापतात. उरलेलं आतडं वाढीला पुरेल इतकं अन्न, पाणी आणि क्षार शोषून घेऊ शकत नसेल तर त्याला निकामी म्हणतात. कधी आतड्याला पीळ पडून मोठा भाग काळा पडतो. कधी कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येऊन ते सडतं. डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. कधी बाळ पोटाच्या बाहेर आतडं घेऊनच जन्मतं, तर कधी आतडं मधेच बंद असतं. काही बाळांचं आतडं लांबीला पुरेसं असतं, पण ते हलतच नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण २०० ते २५० सेंटीमीटर भरतं. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याची लांबी जवळपास दुप्पट होते. म्हणून सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं आतडं आखूड असलं, तरी त्याची वाढ अजून बाकी असते. ‘किती सेंटीमीटर उरलं’ एवढंच विचारून थांबू नका. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप राहिली का, मोठं आतडं किती राहिलं, हेही विचारा. झडप आणि मोठं आतडं शाबूत असेल तर थोड्या लांबीवरही बाळं तरतात.

टीपीएन म्हणजे सलाईनच ना?

नाही. टीपीएन म्हणजे तोंडाऐवजी शिरेतून दिलेलं पूर्ण पोषण. साध्या सलाईनमध्ये पाणी, मीठ आणि थोडी साखर असते. त्यावर बाळ चार दिवस काढेल, पण वाढणार नाही. टीपीएनमध्ये साखर, प्रथिनांचे घटक म्हणजे अमिनो ॲसिड, स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं आणि जीवनसत्त्वं असं सगळं असतं. पंपावर दोन सिरिंज दिसतात. पांढरी दुधासारखी असते ती स्निग्धाची, दुसरी जीवनसत्त्वांमुळे पिवळसर. त्यांच्यावर काळा कागद किंवा चंदेरी फॉइल गुंडाळलेली असते, कारण उजेडात त्यातले घटक बिघडतात आणि बाळाला त्रासदायक पदार्थ तयार होतात. फॉइल सरकलेली दिसली तर सिस्टरांना सांगा. त्या रागावणार नाहीत.

ही सोय फार जुनी नाही. १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्मोर आणि डड्रिक या डॉक्टरांनी एका नवजात मुलीला केवळ शिरेतून पोसून वाढवून दाखवलं. त्याआधी अशी बाळं उपाशीच जात.

हाताच्या शिरेतून का देत नाहीत? छातीपर्यंत नळी कशाला?

हातापायाच्या बारीक शिरेला इतकी तीव्र साखर सोसत नाही. साधारण साडेबारा टक्क्यांच्या वर साखर गेली की शीर जळते. द्रव शिरेबाहेर पाझरला तर कातडी काळी पडून जखम होते, आणि कॅल्शियममुळे ती आणखी चिघळते. म्हणून लांब, मऊ नळी हाता-पायातून किंवा मानेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात. हातातून जाणारी असेल तर तिला पिक लाईन म्हणतात. महिनोन्महिने लागणार असेल तर कातडीखालून बोगदा काढून वेगळी नळी बसवतात.

एक काम तुमचंही आहे. बाळाला भेटताना नळीच्या जागेकडे एकदा नजर टाका. लाली, सूज, चिकटपट्टी ओली किंवा सुटलेली, हात किंवा मान एका बाजूने सुजलेली, असं काहीही दिसलं की त्याच क्षणी सांगा.

‘लाईनला इन्फेक्शन झालं’ म्हणतात. एवढं स्वच्छ ठेवूनही कसं होतं?

या आजारात बाळ दगावायचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नळी म्हणजे बाहेरच्या जगातून थेट रक्तात जाणारी वाट. जंतू दोन ठिकाणांहून येतात. एक म्हणजे बाहेरून: नळीच्या जोडावर हात लागला, जोड नीट न पुसता सिरिंज लावली, पट्टी घामाने सुटली. दुसरी वाट आतली. उपाशी, सुजलेल्या आतड्याची भिंत कच्ची होते आणि आतले जंतू रक्तात उतरतात. त्यामुळे सगळ्यांनी हात धुऊनही काही वेळा ताप येतोच, आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी चूक शोधत बसण्यात अर्थ नसतो. तरीही बाहेरची वाट बरीचशी बंद करता येते, आणि चांगलं युनिट तिथेच ओळखू येतं.

पाहायचं काय, ते सांगतो. सिस्टर नळी जोडायच्या आधी हात धुतात, हातमोजे घालतात आणि जोडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासतात. नुसतं टेकवलं तर उपयोग नाही. साधारण पंधरा सेकंद दाबून घासायचं आणि मग वाळू द्यायचं. वाळेपर्यंतची ती थांबण्याची वेळ घाईत सगळ्यांत आधी चुकते. त्याच नळीतून रक्त काढणं, इतर औषधं देणं जितकं कमी तितकं बरं. काही ठिकाणी वापर नसताना नळीत टॉरोलिडिनसारखं जंतूनाशक भरून ठेवतात. ज्या बाळांना पुन्हापुन्हा इन्फेक्शन होतं, त्यांच्यासाठी ते उपलब्ध आहे का, हे विचारायला हरकत नाही.

इन्फेक्शनची शंका आली की ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधायची तपासणी, पाठवून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. रिपोर्टची वाट पाहत नाहीत. कातडीवरचे साधे जंतू असतील तर नळी तशीच ठेवून उपचार जमतो. बुरशी निघाली तर नळी काढावीच लागते. ‘एवढ्या कष्टाने घातलेली लाईन काढली’ म्हणून वाईट वाटतं, पण बुरशी नळीला चिकटून राहते आणि औषध तिथपर्यंत पोचत नाही.

नवजात बाळाला ताप आलाच नाही, तरी इन्फेक्शन असू शकतं का?

असू शकतं. अंग गार पडणं, सुस्ती, श्वास मधेच थांबणं, पोट फुगणं, साखर अचानक वाढणं, कातडीवर संगमरवरासारखी जाळी दिसणं, ही सगळी तापाइतकीच गंभीर लक्षणं आहेत. नळी असलेल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. नळीतून द्रव सोडल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली, तर नळीतच जंतू असण्याची शक्यता मोठी.

पोऱ्याना डोया पिवया व्हई ग्यात. ही साधी कावीळ आहे का?

पहिल्या आठवड्यातली कावीळ वेगळी आणि ही वेगळी. ती बहुतेक बाळांना होते आणि निळ्या दिव्याखाली उतरते. टीपीएन सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद आणि शी फिकट झाली, तर पित्त यकृतातच तुंबतंय. रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने पित्तात सोडायला तयार केलेला पिवळा घटक, पाहतात. ते २ मिलिग्रॅमच्या वर आणि वाढतं असेल तर डॉक्टर सावध होतात.

कारण एक नाही. तोंडावाटे काही जात नाही, त्यामुळे पित्ताला वाहायला लावणारी आतड्याची संप्रेरकं सुटत नाहीत. कमी दिवसांच्या बाळाचं यकृत मुळातच कच्चं असतं. प्रत्येक इन्फेक्शन त्यावर घाव घालतं. जास्त साखर दिली तर यकृतात चरबी साठते. आणि सोयाबीन तेलापासून केलेल्या स्निग्धात वनस्पतीतले स्टेरॉल असतात, ते पित्ताचा प्रवाह अडवतात. म्हणून डॉक्टर सोयाबीनचं स्निग्ध कमी करतात किंवा बदलतात. सोयाबीन, नारळासारख्या तेलातली मध्यम साखळीची स्निग्धं, ऑलिव्ह आणि मासळीचं तेल असं मिश्रण आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. शुद्ध मासळीच्या तेलाच्या स्निग्धाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पित्त तुंबलेल्या बालकांसाठी २०१८ मध्ये मान्यता दिली. माळकरी घरातून ‘माशाचं तेल चालेल का’ असा प्रश्न येतो. तो मोकळेपणाने विचारा. ते थेट शिरेत जाणारं शुद्ध केलेलं औषध आहे, पण निर्णय तुमचा, आणि त्याआधी बाळाच्या यकृताचे आकडे बघून घ्या.

या सगळ्यांपेक्षा मोठं औषध म्हणजे तोंडावाटे किंवा नाकातल्या नळीतून दूध सुरू होणं. पूर्ण दुधावर आल्यावर पुष्कळ बाळांचा पिवळेपणा काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतो. पण रंग गेला म्हणजे यकृत पूर्ववत झालंच, असं धरू नका. आतले व्रण राहू शकतात. प्लीहा वाढणं आणि प्लेटलेट कमी होत जाणं ही पुढच्या बिघाडाची खूण असते, म्हणून तपासण्या सोडू नयेत.

कोवळ्या उन्हात ठेवलं, किंवा गावाकडचं कावीळीचं औषध दिलं तर?

ऊन आणि निळा दिवा या कावीळीवर चालत नाहीत. उलट अशा बाळाला दिव्याखाली ठेवलं तर कातडी तपकिरी पडते. झाडपाल्याचं औषध, नाकात थेंब, हातावर चुना घासून कावीळ ‘उतरवणं’ यांतलं काहीही नको. आखूड आतडं आणि थकलेलं यकृत यांना हा भार झेपत नाही, आणि दोन आठवडे यात गेले की डॉक्टरांच्या हातातली वेळ जाते. जन्मघुटी, मध, गुळाचं पाणी यांचंही तेच. आजींचा हेतू चांगलाच असतो, पण भेटायच्या वेळी बोटाला मध लावून चाटवल्याचे प्रकार घडतात. घरातल्या मोठ्या माणसांना आईने नव्हे, बापाने समजावलं तर घरात जास्त चालतं, हा अनुभव आहे.

रोज रक्त काढून काढून पोरगं पांढरं पडलं. इतकं कशाला?

तक्रार खरी आहे. लहान बाळात तपासणीच्या रक्तानेही रक्त कमी होतं. पण साखर फार चढली किंवा पडली तर मेंदूला धोका. नळी अचानक बंद झाली, पंप थांबला, तर काही मिनिटांत साखर कोसळू शकते, म्हणून वीज गेल्यावर सिस्टर आधी पंपाकडे धावतात. रक्तात चरबी साठते का, हेही पाहावं लागतं. पोषण नसलेल्या बाळाला एकदम जास्त साखर-प्रथिनं दिली तर फॉस्फरस खाली येतो आणि श्वास मंदावतो. सुरुवातीला दररोज, आणि प्रकृती स्थिर झाल्यावर आठवड्यातून एकदा, असं हळूहळू कमी होतं. ‘आता रोजची तपासणी लागते का’ असं पहिल्या पंधरवड्यानंतर विचारायला काहीच हरकत नाही.

सूक्ष्म घटकांचं गणित उलटसुलट असतं. शी आणि पोटावरच्या पिशवीतून (ऑपरेशनमध्ये पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला लावतात ती) जस्त खूप वाहून जातं. तोंडाभोवती आणि बसायच्या जागी लालसर, सालं निघणारा पुरळ आला तर जस्त कमी झालंय का ते बघतात. याउलट पित्त तुंबलं की मँगनीज बाहेर पडत नाही आणि मेंदूत साठतं. म्हणून तयार मिश्रण सगळ्यांना सारखंच लावत नाहीत.

हाडं ठिसूळ होतात म्हणे?

होऊ शकतात. बाळाला कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर लागतं, पण एकाच द्रवात दोन्ही जास्त घातलं की त्यांचा साका बसतो. आपल्या केळीच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदतात आणि आपण ॲसिड सोडतो, तसंच इथेही होतं. कॅल्शियमच्या साक्याने चोंदलेली लाईन मोकळी करायला डॉक्टरही अतिशय सौम्य ॲसिड वापरतात. असा साका बसू नये म्हणून दोन्हींचं प्रमाण मर्यादेत राहतं आणि हाडांना कमी पडतं. औषधांतून येणारं ॲल्युमिनियम आणि लघवीच्या औषधांनी जाणारं कॅल्शियम त्यात भर घालतं. अशा बाळाला मालीश करू नका. कपडे बदलताना हात-पाय ओढू नका, ढुंगणाखाली तळवा घालून उचला.

‘शिरा संपल्या’ म्हणजे?

मोठ्या शिरेत नळी फार दिवस राहिली की रक्ताची गुठळी होते आणि शीर बंद पडते. शरीरात अशा वापरता येणाऱ्या मोठ्या जागा मोजक्याच असतात. एकेक करून त्या गेल्या की टीपीएन द्यायलाच वाट उरत नाही. प्रत्येक वाचवलेली लाईन म्हणजे पुढचे महिने, म्हणून डॉक्टर नळी बदलताना एवढा विचार करतात.

दर तीन तासांनी एक-दोन मिलिलिटर दूध देतात. त्याने काय होणार?

पोट भरणार नाही, पण आतडं जागं राहतं. त्याच्या आतल्या भिंतीवरचे केसासारखे उंचवटे अन्नाशिवाय झडतात. थेंबभर दुधाने ते टिकतात, पित्त वाहतं, आतले जंतू आतच राहतात. वरच्या यकृताच्या आणि इन्फेक्शनच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ इथे आहे. त्यासाठी आईच्या दुधाइतकं दुसरं काही नाही. चीक तर थेंबही वाया घालवू नये.

अडचण व्यवहाराची असते. आई यावल किंवा साक्रीला, बाळ जळगावला किंवा धुळ्याला. दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढायचं. रात्रीची वेळ चुकवत राहिलं की दूध कमी होत जातं. उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीत काढा, त्यावर वेळ लिहा. पुस्तकात लिहिलेलं असतं की काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं. ते पंचवीस अंशांच्या खोलीचं गणित आहे. भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, ते लागू नाही. काढलं की लगेच फ्रीजमध्ये आणि बर्फाच्या डब्यातून दवाखान्यात. दूध येतच नसेल तर दात्या आईच्या दुधाची सोय कुठे आहे विचारा. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली आणि आता राज्यात इतर ठिकाणीही पेढ्या आहेत.

पोटावरची पिशवी सारखी भरते. उन्हाळ्यात घरी नेलं तर?

पिशवीतून पाण्याबरोबर मीठही जातं. मीठ कमी पडलं की दूध पुरेसं घेऊनही वजन वाढत नाही. लघवीतलं सोडियम तपासून डॉक्टर मीठ देतात. ते मोजून द्यायचं, अंदाजाने नाही. साधं पाणी, साखरपाणी, नारळपाणी वरून देऊ नका. त्याने पिशवी आणखी भरते. लघवी सहा तासांत झाली नाही, टाळू खोल गेली, पिशवी नेहमीपेक्षा बरीच जास्त भरली, तर रात्र असो वा दिवस, निघा.

दूध वाढवलं की पोट फुगतं, मग थांबवतात. हे कधी संपणार?

सांगता येत नाही, आणि जो तारीख सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काही बाळांना महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं. दोन पावलं पुढे आणि एक मागे, हाच नेहमीचा क्रम असतो. फुगण्यामागे कधी फुगलेल्या सुस्त आतड्यात माजलेले जंतू असतात, त्यासाठी ठराविक दिवसांच्या अँटिबायोटिकचे कोर्स देतात. मोठं झाल्यावर मूल अचानक दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खाऊ लागलं, बरळू लागलं, तर त्या जंतूंनी केलेलं आम्ल रक्तात चढलेलं असतं. घाबरू नका, पण त्याच दिवशी दाखवा.

आता दूध चालतंय, पण तोंडात काही घेतच नाही.

महिनोन्महिने तोंडात नळ्या आणि सक्शनशिवाय काही गेलेलं नसतं, त्यामुळे तोंडाजवळ काही आलं की ते मान फिरवतं. म्हणून नाकातल्या नळीतून दूध जात असताना बाळाला रिकाम्या स्तनावर चोखू द्यावं, कांगारूसारखं छातीशी धरावं. जबरदस्तीने चमचा कोंबला तर तिटकारा पक्का होतो.

घरी टीपीएन देता येईल का?

परदेशात पुष्कळ मुलं रात्री घरी टीपीएन घेतात आणि दिवसा शाळेत जातात. आपल्याकडे ही सोय फारच थोड्यांना मिळते. निर्जंतुक द्रव रोज पोचणं, फ्रीज, अखंड वीज, नळी हाताळायला शिकलेलं घरातलं माणूस आणि तासाभरात गाठता येईल असा दवाखाना, हे सगळं एकत्र लागतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून ते जमणं अवघड. अशा वेळी दवाखान्याजवळ खोली घेऊन राहणं हाच अनेकांचा मार्ग असतो.

मोठ्या शहरात कधी हलवायचं?

डायरेक्ट बिलिरुबिन चढतंच राहिलं, इन्फेक्शन पुन्हापुन्हा झालं, शिरा संपत आल्या किंवा दूध पुढे सरकतच नाही, तर बालशल्यचिकित्सक, यकृततज्ज्ञ आणि पोषणाची टीम एकत्र असलेल्या ठिकाणी नेणं शहाणपणाचं. फार उशीर केला तर यकृत हातातून जातं. फुगलेल्या आतड्याला कापून-शिवून लांब आणि अरुंद करणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत. अगदी शेवटी आतड्याचं, किंवा यकृतासह आतड्याचं प्रत्यारोपण. ते भारतात होतं, पण लहान बाळांत ते अवघड आहे.

नंदुरबार-नवापूरकडच्यांना मुंबईपेक्षा सुरत जवळ. पण निघण्याआधी तो दवाखाना तुमच्या योजनेत आहे का, हे विचारून घ्या. आयुष्मान भारत कार्ड देशभरातल्या नोंदणीकृत दवाखान्यांत चालतं; राज्याच्या योजनेसाठी आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळासाठी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत उपचार आणि वाहनाची तरतूद आहे. वाटेत पंपाची बॅटरी किती तास चालते, साखर तपासायचं यंत्र गाडीत आहे का, ही दोनच गोष्टी नक्की विचारा.

टीपीएन सुटल्यावर काय काय सांभाळायचं?

लहान आतड्याचं शेवटचं टोक कापलं असेल तर बी-१२ चं इंजेक्शन पुढेही लागू शकतं. लोह, जस्त, अ-ड-ई-के जीवनसत्त्वं वेळोवेळी तपासतात. लसी वयाप्रमाणे द्यायच्या. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस मात्र सर्जनना विचारून. फाइलमध्ये चार कागद वरच ठेवा: ऑपरेशनची नोंद, त्यात आतड्याचा कोणता भाग किती उरला आहे ते, आतापर्यंत कोणकोणत्या शिरांत नळ्या घातल्या त्याची यादी, वाढीचा तक्ता, आणि आधीच्या कल्चरमध्ये कोणते जंतू निघाले, कोणतं औषध लागू पडलं त्याचे रिपोर्ट. त्यांचे फोटो आईच्या आणि बापाच्या, दोन्ही मोबाइलमध्ये असू द्या, कारण रात्री दोन वाजता नव्या दवाखान्यातले डॉक्टर सगळ्यांत आधी हेच मागतात.